निखिलला मी सांगितलं

अहो, निखिलला मी सांगितलं. तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी अहेरीची बस धरून तुमच्या बहिणीच्या घरी गेले. तिथं तुमच्या भाच्याला समोर बसवून सगळं सांगून टाकलं. तुम्ही मनाई केली होती. मग ती मनाई जराशी सैल करून ‘पाहू’ म्हणाला होता. तुमच्या ‘पाहू’चा अर्थ मी संसारात कधी हो धरला, कधी नाही, आणि बहुतेक वेळा चुकले. या वेळी विचारायला तुम्ही नव्हता, म्हणून मला पटला तो अर्थ धरला.

तेरवीला सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणत होते. मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, या देवमाणसाचा ओला टॉवेल पलंगावरून उचलून उचलून माझी कंबर गेली. तुम्ही नोकरीला होता त्या धान संशोधन केंद्रावरच्या रोवणीच्या बाया आल्या होत्या. ‘साहेब कधी वरच्या आवाजात बोलले नाई,’ म्हणून रडल्या. खोटं बोलत होत्या बिचाऱ्या. तुम्ही धानाच्या एका बांधीतून ओरडलात की तिसऱ्या बांधीतले बगळे उडायचे. पण माणूस गेला की त्याचा आवाजही लोक खाली आणून ठेवतात, आणि मला तुमचा तो आवाजच हवा आहे.

मी पंगतीत वरण वाढत होते. आपल्या सिंदेवाहीच्याच कोणी तरी बाईनं हळहळून म्हटलं, ‘पोटी काहीच नाई ना?’ त्यावर तुमची माय भिंतीला टेकून बसली होती तिथूनच बोलली, ‘माह्या लेकाच्या मागं दिवा लावाले कोणी ठेवलं नाई हिनं.’ सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पटकन पत्रावळीकडे पाहिलं. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते मी गिळलं आणि पुढच्या पत्रावळीवर वरण वाढलं. तुम्ही गेल्यावरही तुम्हाला दिलेला शब्द पाळत होते, बघा.

आपलं लग्न झालं त्या वर्षी लोक नव्या बायकोला ताडोब्याला वाघ दाखवायला नेत होते. तुम्ही मला संकरित धानाच्या बियाण्याच्या बांधीत नेलंत. उन्हं वर आली होती आणि धानाची फुलं उमलायची वेळ झाली होती. काही ओळी नराच्या, काही मादीच्या. तुम्ही दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलंत आणि आपण तो दोर नराच्या लोंब्यांवरून ओढत गेलो. पिवळी धूळ उडून शेजारच्या ओळींवर बसली. बाया हसत होत्या, ‘साहेबानं नवरीले पहिल्याच दिवशी कामाले लावलं.’ मग तुम्ही मादीच्या ओळीतलं एक फूल तळहातावर उघडून दाखवलंत. ‘पाह्य, हे परागकोश पांढरे, सुकलेले. झाड धडधाकट, पण यातला नर वांझ हाये. म्हणून याले दुसऱ्याचा पराग द्या लागते.’

मी विचारलं, ‘नरही वांझ असतो?’

‘धानात असते,’ तुम्ही म्हणालात. अगदी छातीठोक.

पुढची कितीतरी वर्षं आपण त्या छातीठोकपणावर काढली. मूल होईना, तेव्हा औषध मला. पुजाऱ्याची मुळी मला, वैदूचा काढा मला, चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या तपासण्या मला. तो काढा इतका कडू होता की दिवसभर शाळेत चौथीच्या पोरांना पाढे म्हणून घेताना जीभ आत आत ओढायची. उपास मला, सोमवार मला. कोणाच्या बारशाला बोलावणं आलं तर ते तुम्हाला आणि मायला. पाळण्याशी मी उभी राहिलेली चालत नसे. दर हंगामात हजारो फुलं उघडून नर बरा की वांझ ते तुम्ही पाहत होता, आणि घरी आल्यावर तुम्हाला एकदाही वाटलं नाही की हा प्रश्न माणसालाही विचारता येतो. याचा मला राग होता. अजून आहे. पण तुमच्या एकट्याची ही चूक नव्हती. आपल्याकडे बाईच्या वांझपणाला औषधं गल्लोगल्ली मिळतात, आणि पुरुषाच्या वांझपणाचं नावच कोणी काढत नाही. काढलंच तर लोक भलतंच समजतात. पुरुषाचं पुरुषपण वेगळं आणि मूल होणं वेगळं, हे कोणाला कळत नाही. तुमच्या मिशा, तुमची मांडी, ताडावर सरसर चढणं, यात काही कमी नव्हतं. आणि जे बायकोलाच ठाऊक असतं त्यातही काही कमी नव्हतं, हे आता लिहायला मी लाजत नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत म्हटलं, ‘यांच्या तपासण्या पुष्कळ झाल्या, आता तुमची करू.’ तुम्ही हसत हसत गेलात. अहवाल आला तेव्हा हसू संपलं. वीर्यात शुक्राणू नव्हतेच. कमी नव्हे, अजिबात नाही. तुम्ही म्हणालात, मशीन बिघडलं असेल. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच.

मग कारण शोधणं सुरू झालं. डॉक्टरीणबाई समजावून सांगायच्या आणि मी, सवयीनं, वर्गात बसल्यासारखी ऐकायची. काही पुरुषांत वाय गुणसूत्राचा एखादा तुकडाच गळालेला असतो. तुमचं शाबूत निघालं. काहींत एक एक्स जास्तीचं असतं. तेही नव्हतं. सुईनं वृषणाचा बारीकसा तुकडा काढून पाहिला, तर पेशी तयार होत होत्या, पण अर्ध्या वाटेवर थांबत होत्या. शुक्राणू होताना पेशीला आपल्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट लावून मग ती वाटून द्यावी लागतात. त्या कामाची सूचनाच तुमच्यात चुकीची होती, म्हणून पेशी तिथंच अडून विरून जायच्या. तुमच्या खाण्यापिण्याचा, तंबाखूचा, पूर्वजन्मीच्या पापाचा त्यात काही भाग नव्हता. ती सूचना एक्स गुणसूत्रावर असते, आणि पुरुषाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून.

त्यावर बाईंनी विचारलं, ‘आईच्या माहेरी कोणी पुरुष आहेत का, ज्यांना मूल झालं नाही?’

‘नाई मॅडम,’ तुम्ही लगेच म्हणालात. मीही मान हलवली. मग माहितीत कमी राहू नये म्हणून तुम्हीच पुढं जोडलंत, ‘मामाले लेकरू नव्हतं, पण त्यायच्या दोन्ही बायका वांझ होत्या.’

बाई लिहिता लिहिता थांबल्या. ‘दोन्ही?’

तुमचे कान लाल झालेले मला अजून दिसतात. त्या क्षणी तुम्ही स्वतःचंच वाक्य पहिल्यांदा ऐकलंत. एकाच बियाण्यानं दोन वेगळ्या बांध्यांत पीक आलं नाही, तर कोणताही धानकरी आधी बी पाहील. तुमच्या आजोळी सारे धानकरीच होते, तरी कोणी बी पाहिलं नाही. एका बाईला माहेरी पाठवलं, दुसरी आणली आणि तिलाही नाव ठेवलं. तुम्ही तीच गोष्ट लहानपणापासून ऐकली, मी लग्नानंतर ऐकली, म्हणून मामाला मूल नाही हे आपल्याला कधी दिसलंच नाही.

बाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीकडे हे आलेलं असेल किंवा नसेल. आलं असेल तर तिला स्वतःला त्रास नाही, पण तिच्या प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. शोभाबाईंना एकच मुलगा, निखिल. तो तेव्हा शाळेत होता.

बाहेर आल्यावर तुम्ही पहिली गोष्ट म्हणालात ती हीच, ‘मायले सांगू नोको. तिले वाटन, तिनंच माहा वंश बुडवला.’ मी हो म्हटलं. तुमचा चेहरा पाहून दुसरं काही म्हणवत नव्हतं. पण तो होकार स्वस्त नव्हता हो. त्यानंतरही माय मला पुजाऱ्याकडे न्यायची आणि मी जायची. जो काढा कशावरच चालणार नव्हता तो प्यायची. एकदा मी तुम्हाला म्हटलं, ‘आता तुम्ही प्या, बरोबरीनं.’ तुम्ही खरंच माय पाठमोरी झाल्यावर अर्धा पेला घटाघटा प्यायलात आणि न्हाणीत जाऊन ओकलात. त्या दिवशी मी खूप हसले आणि तुमच्यावरचा निम्मा राग गेला.

उरलेल्यातला पुष्कळसा गेला तो मायनं तुमच्यासाठी दुसरी पोरगी पाहिली तेव्हा. मूल गावची होती. माय म्हणाली, ‘काऊन नाई म्हणतं? वंश बुडवतं का?’ तुम्ही जेवत होता. ताटावरून मान न उचलता म्हणालात, ‘दुसरी आणली तरी हेच होईन माय.’ तिला वाटलं तुम्ही रागानं बोलताय. तुम्ही तर सगळं खरं सांगून टाकलं होतं, फक्त ऐकणारीला ते कळण्यासारखं नव्हतं. मी स्वयंपाकघरात होते. पोळी करपली त्या दिवशी. तुमचे आभार कधी मानले नाहीत त्याबद्दल. ते आता मानते.

आपलं खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून होतं. डॉक्टरीणबाईंनी सुचवलं होतं की दात्याचे शुक्राणू घेता येतील. मी तयार होते. मी म्हटलं, ‘बांधीत तर रोज तेच करता.’ तुम्ही म्हणालात, ‘धानाले लाज नसते.’ मी म्हटलं, मग दत्तक घेऊ. तुम्ही म्हणालात, पाहू. त्या ‘पाहू’मध्ये माझी चाळिशी उलटली. माझ्या वर्गातल्या पोरांची नाकं पुसत मी माझी हौस भागवली, असं लोकांना सांगते. भागली नाही. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही तो विषय निघाला की बैल पाहायला उठायचात. आपल्याकडे बैल नव्हता तेव्हाही उठायचात.

आणि मग निखिलचं जमलं. वनरक्षकाची नोकरी, गोरागोमटा, तुमच्यासारखाच उंच. चामोर्शीची पोरगी, डी.एड. झालेली. शोभाबाईंनी फोनवर आनंदानं बातमी दिली आणि आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हटलं, आता सांगावंच लागेल. साधी तपासणी आहे, चंद्रपूरलाही होते. तुम्ही म्हणालात, ‘अर्ध्यातली अर्धी शक्यता. तेवढ्यासाठी पोराच्या लग्नात बिब्बा घालतं का? लग्न तुटन. अन् मायच्या कानावर गेलं तर ते हाय खाईन.’

मी विचारलं, ‘आणि ती पोरगी?’

‘कोणती?’

‘कोणती म्हणजे? चामोर्शीची. तिला काढा पाजतील ना. तुमचीच बहीण पाजेल, प्रेमानं पाजेल.’

मी त्या दिवशी फार बोलले. म्हटलं, लग्न तुटलं तर तुटू दे. माझं झालं ते झालं, ते मी तुमच्यासाठी केलं, पण ती पोरगी तुमची कोण लागते म्हणून तिनं तुमच्या मायसाठी सोसायचं? तुम्ही चप्पल घालून बाहेर गेलात. परत आलात तेव्हा म्हणालात, ‘पाहू. धान निघू दे, मंग मीच जातो अहेरीले.’ धान निघायच्या आत छातीत कळ आली आणि सिंदेवाहीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत. तुम्ही खरंच गेला असता का, हे मला आता कधी कळणार नाही. मी स्वतःला सांगते, गेला असता. कधी कधी मला ते पटतं.

निखिल आधी हसला. ‘मामी, मी तं ठणठणीत हावो. जंगलात दिवसभर पायी फिरतो.’

‘तुझा मामाही ठणठणीत होता.’

त्याचं हसू हळूहळू उतरलं. शोभाबाई आतून आल्या आणि जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. भावाच्या दुःखात होत्या, आणि भाऊ गेल्याबरोबर वहिनी त्याची अब्रू काढायला आली असंच त्यांना वाटलं. मला बसस्टँडवर सोडायला निखिल आला. गाडी सुरू करताना एवढंच म्हणाला, ‘करून पाह्यतो तपासणी. काही निंगालं नाई तं तुमी माह्या मायची माफी मांगा.’ मी म्हटलं, पायावर डोकं ठेवीन. अहो, मी देवाला इतकी वर्षं मूल मागितलं नसेल तितक्या कळकळीनं ती माफी मागायची वेळ येऊ दे असं मागितलं.

आली नाही. त्याच्यातही तेच निघालं.

शोभाबाईंनी रडत मायला फोन केला. मी शाळेतून आले तर माय अंगणात, फोन मांडीवर, तशीच बसलेली. मला वाटलं आता आकाश पाताळ एक करेल. ती म्हणाली, ‘माह्याकून गेलं का हे?’ मी म्हटलं, ‘तुमच्याकडून आलं, पण तुम्ही दिलं नाही माय. तुम्हाला ठाऊक नव्हतं. नाक येतं, रंग येतो, तसं आलं. यात कोणाचा दोष नसतो.’ बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे शेवटचं वाक्य मला कोणी म्हणावं म्हणून मी आयुष्यभर थांबले होते, आणि आता मीच ते तिला म्हणत होते. मायनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, ‘माह्या भावाच्या पयल्या बायकोले मीच टोचून टोचून घालवलं. माहेरीच मेली ते.’ तिनं माझी माफी मागितली नाही. मला ती नकोही होती. पण त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा पिताना ती ‘बस ना जराशी’ म्हणते. तुमची माय हाय खाऊन मेली नाही, हे तुम्हाला कळवते. तुम्ही तिला फार कच्ची समजत होता.

लग्नाबाबत मात्र तुमचंच खरं झालं. निखिल स्वतः चामोर्शीला गेला आणि पोरीला आणि तिच्या वडिलांना समोरासमोर सांगून आला. कोणी मध्यस्थ नाही, काही नाही. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि नाही म्हटलं. चांगली माणसं होती. गावात त्यांनी पत्रिका जुळली नाही एवढंच सांगितलं. मी तुम्हाला म्हटलं होतं ना, तुटलं तर तुटू दे. तुटलं तेव्हा मला ते वाक्य इतकं सोपं वाटलं नाही. निखिलनं माझा फोन उचलणं बंद केलं. शोभाबाई तर आधीच बोलत नव्हत्या. त्या दिवसांत मी तुमच्या फोटोशी भांडले. मी बरोबर केलं हे मला ठाऊक होतं, तरी भांडले.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा एका दुपारी तो आला. अहेरीहून एवढ्या उन्हात, मोटरसायकलवर. मायच्या पाया पडला, पाणी प्यायला आणि खाटेवर बसला. मी जेवण विचारलं तर नको म्हणाला. पंख्याकडे पाहत बसला. मग एकदम म्हणाला, ‘मामी, मामाले कळलं तवा त्यायनं काय केलं?’

मी आठवून आठवून सांगू लागले. नागपूरहून येताना तुम्ही उमरेडपर्यंत खिडकीबाहेर पाहत होता. भिवापूरला खाली उतरलात आणि कंडक्टरनं हाका मारेपर्यंत वर आला नाहीत. नागभीडला मला शेंगदाणे घेऊन दिलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्या वेळेला केंद्रावर गेलात.

‘अन् मंग? रडले का? कोणाले बोलले का? किती दिवस असं वाटत राह्यते मामी, आपुन पुरे माणूस नाई म्हणून?’

अहो, मला माहीत नव्हतं. मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसले होते, नंतरही इतकी वर्षं तुमच्या शेजारी होते, आणि मला माहीत नव्हतं. माझ्या दुखण्याचं सगळं मी त्याला सांगू शकले असते. तुमच्या दुखण्याचं मला शेंगदाण्यांपर्यंतच ठाऊक आहे. ‘मला नाही रे सांगितलं त्यांनी कधी,’ एवढंच मी म्हटलं. त्यानं मान हलवली, जणू त्याला ते अपेक्षितच होतं.

तो त्या खाटेवर बसून होता, तुमच्यासारखाच पाठीतून वाकून, आणि मी त्याच्यासमोर उभी होते. मी त्याला खरं सांगितलं, कारण ते माझ्याकडे होतं. त्यानंतर कसं जगायचं, ते फक्त तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ते जगून दाखवलंत, हसलात, ओरडलात, दोर ओढलात, मला सोडलं नाहीत. पण कोणालाच सांगितलं नाहीत, मलासुद्धा नाही, आणि घेऊन गेलात. एवढ्या एकाच गोष्टीसाठी मला तुम्हाला माफ करता येत नाही, आणि त्याच गोष्टीमुळे त्या दुपारी तुम्ही मेल्याचं मला पहिल्यांदा खरं वाटलं.